सकाळी डायनर, रात्री खिचडी: डॅलस ते ग्रँड कॅन्यन, आई-बाबांसोबत

ज्यांच्याकडे भारतातून आई-बाबा आलेत, त्यांना ग्रँड कॅन्यन दाखवायचंय, पण चार माणसांचं रोजचं बाहेरचं खाणं धरलं की बजेट कुठल्या कुठे जातं, त्यांच्यासाठी हे लिहितेय. गणपती विसर्जन झालं आणि दुसऱ्याच दिवशी आम्ही चौघं (मी, नवरा आणि साताऱ्याहून आलेले माझे आई-बाबा) डॅलसहून गाडी काढून निघालो, अमरिलोपर्यंत हायवे 287 आणि तिथून पुढे आय-40, म्हणजे शिकागो ते लॉस एंजेलिस जाणाऱ्या जुन्या रूट 66 हायवेच्या बाजूबाजूनंच. निघायच्या आधीच ठरवलं होतं की दिवसातून एकदाच बाहेर खायचं आणि ते म्हणजे सकाळचा नाश्ता, तोही साध्या डायनरमधे (म्हणजे काउंटर आणि टेबलं असलेली अमेरिकन खाणावळच) बसून, नीट, घाई न करता. बाकी सगळं आपलं आपण करायचं.

नाश्ताच का, तर अमेरिकेत हॉटेलात खायचं सगळ्यात स्वस्त जेवण तेच. आम्हाला माणशी साधारण 12 ते 16 डॉलरची डिश पडली, कॉफी वेगळी पण कप रिकामा झाला की परत परत भरून देतात त्याचे पैसे नाहीत. त्याच ठिकाणी रात्री जेवायला गेलात तर बिल दीडपट-दुप्पट आणि मेन्यूत शाकाहारी माणसासाठी सॅलड सोडून फार काही नसतं. सकाळी मात्र अंडी, बटाटा, टोस्ट, पॅनकेक, फळं असं सगळं असतं आणि साडेआठला असं दणकून खाल्लं की तीन वाजेपर्यंत कोणाला भुकेची आठवण होत नाही. मोटेलचा फुकट नाश्ता मिळतो तो लांबचं ड्रायव्हिंग असेल त्या दिवशी ठीक आहे, पण रोज तेच कागदी ताटलीतलं खाऊ नका असं मी अगदी कळकळीनं सांगेन. ही डायनरची पद्धत मुळातच कामावरच्या माणसांसाठी सुरू झालेली, 1872 मधे प्रॉव्हिडन्स गावात वॉल्टर स्कॉट नावाचा माणूस रात्रपाळीच्या लोकांना घोडागाडीतून खाणं विकायचा, तिथपासून. आजही काउंटरला सकाळी ट्रकवाले, शेरीफ ऑफिसचे लोक, रिटायर्ड आजोबा असे गावातलेच बसलेले असतात आणि बाबांना ते फार आवडलं. दोन दिवसांत ते टेबल सोडून काउंटरच्या उंच स्टुलावर बसायला लागले, शेजारच्याशी पावसाच्या गप्पा मारायला लागले.

ऑर्डर देताना प्रश्नांचा भडिमार होतो म्हणून आई-बाबांना आधीच सांगून ठेवा. अंडं कसं, टोस्ट कुठला (व्हाइट, व्हीट, राय, सावरडो), बटाटा हॅशब्राऊन की होम फ्राइज. हॅशब्राऊन म्हणजे किसलेला बटाटा तव्यावर कुरकुरीत केलेला, होम फ्राइज म्हणजे फोडी, त्यात बरेचदा कांदा आणि भोपळी मिरची असते. ज्यांना पिवळा बलक वाहता नको त्यांनी ओव्हर हार्ड सांगायचं, थोडा मऊ चालत असेल तर ओव्हर मीडियम. सनी साइड अप, म्हणजे न उलटता केलेलं अंडं, आपल्या जुन्या माणसांना कच्चं वाटतं. पॅनकेकची शॉर्ट स्टॅक मागवा, दोन-तीन येतात आणि एकेक ताटलीएवढा असतो. चौघांनी तीनच डिश घेतल्या तरी उरतं, पण काही ठिकाणी एक डिश दोघांत वाटली तर जादा पैसे लावतात, मेन्यूत खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं ते वाचा. नाहीतर साइड ऑर्डर घ्यायची, एक अंडं, एक टोस्ट असं सुटं मिळतं आणि आईसारख्या कमी खाणाऱ्यांना तेच बरं पडतं. उरलेलं बॉक्समधे मागायला अजिबात लाजू नका, तिथं सगळेच नेतात. टिप 18 ते 20 टक्के धरा आणि बजेटमधे आधीच धरा, कारण आणून देणाऱ्या बाईचं घर बहुतेक त्यावरच चालतं, तिथं हात आखडता घेऊ नये. पैसे बरेचदा दाराजवळच्या गल्ल्यावर द्यायचे असतात, टेबलावर बसून बिलाची वाट बघू नका.

शाकाहारी लोकांनी नीट विचारायच्या गोष्टी. ग्रेव्ही म्हणजे पांढरी सॉस दिसते पण बिस्किट्स अँड ग्रेव्हीमधे पोर्क सॉसेज असतं. रिफ्राइड बीन्समधे कधीकधी डुकराची चरबी असते. ग्रीन चिलीच्या रश्श्यात पोर्क घालायची पद्धत आहे, सगळीकडे नाही पण आहे. आणि हॅशब्राऊन त्याच ग्रिलवर होतात जिथं बेकन भाजलेलं असतं. आमच्या आईला अंडं चालतं, एरवी ती शाकाहारी, पण न्यू मेक्सिकोतल्या गॅलप गावी पोचलो तर दुसऱ्या दिवशी संकष्टी. मी तिथल्या एका छोट्या कॅफेत वाढणाऱ्या बाईंना सांगितलं की आज हिचा उपास आहे, अंडं-ब्रेड-कांदा काहीच नको, बटाटा फक्त बटरमधे वेगळ्या पॅनवर करून मिळेल का. नवाहो (तिथले मूळ रहिवासी) बाई होत्या, साधारण आईच्याच वयाच्या. त्यांनी आत जाऊन सांगितलं आणि स्वतः घेऊन आल्या, कडा तांबूस झालेला बटाटा, बाजूला कापलेलं खरबूज, आणि मग उपास कशासाठी, किती वेळ, असं सगळं विचारलं. बाबांनी चंद्रोदयाचं सांगितलं तर म्हणाल्या आमच्याकडेपण काही गोष्टी चंद्र बघूनच करतात. बिलात बटाट्याचे पैसे लावले नव्हते, ते आम्ही टिपमधे घातले. विचारलं की मिळतं, फक्त गर्दीच्या वेळी नका विचारू, शनिवार-रविवारी दहा वाजता किचनची तारांबळ असते. गॅलपला शनिवारी पोचत असाल तर फ्ली मार्केट बघा, फ्राय ब्रेड तळून देतात.

आता गावं. टेक्सास सोडताना एड्रियन लागतं, तिथं रूट 66 चा बरोबर मध्य आहे, शिकागो 1139 मैल आणि लॉस एंजेलिसपण 1139 मैल असा बोर्ड आहे, समोर मिडपॉइंट कॅफे. तो वर्षभर उघडा नसतो, बघून जा. आल्बुकर्कीला सेंट्रल अव्हेन्यूवर युनिव्हर्सिटीसमोर फ्रंटियर रेस्टॉरंट आहे, 1971 पासूनचं, डायनर म्हणता येणार नाही कारण काउंटरला ऑर्डर देऊन आपणच ट्रे उचलायचा, पण आमच्यासारख्यांना अगदी परवडणारं. ब्रेकफास्ट बरिटो ग्रीन चिली घालून आणि एक स्वीट रोल चौघांत, तो लोण्यात आणि दालचिनीत इतका बुडालेला असतो की एकट्यानं खायचा म्हणजे जड. न्यू मेक्सिकोत कुठंही बसलात तरी रेड ऑर ग्रीन असं विचारतात, म्हणजे लाल मिरचीची सॉस की हिरवी, आणि हा तिथला अधिकृत राज्यप्रश्न आहे, खरंच. दोन्ही हवं असेल तर ख्रिसमस म्हणायचं. ब्लू कॉर्न पॅनकेक दिसले तर सोडू नका, करड्या-निळ्या रंगाचे असतात, मक्याचा खमंग वास असतो.

मिरचीबद्दल मात्र थांबून सांगायला हवं. ऑगस्टच्या शेवटापासून सप्टेंबरभर तिथं हॅच गावच्या हिरव्या मिरच्यांचा सीझन असतो, किराणा दुकानाबाहेर जाळीचा मोठा पिंप गॅसच्या ज्वाळांवर फिरवत असतात, मिरच्या आत तडतडत असतात आणि पार्किंगभर वास पसरलेला असतो. माइल्ड, मीडियम, हॉट, एक्स्ट्रा हॉट असे प्रकार मिळतात, आम्ही हॉटची लहान पिशवी घेतली. गरम मिरच्या पिशवीतच बंद ठेवायच्या, वाफेनं साल सुटतं. आईनं मोटेलच्या बेसिनपाशी उभं राहून एकेक मिरची सोलली, बिया अर्ध्या काढल्या, लसूण आणि मीठ घालून स्टीलच्या वाटीत पेल्याच्या बुडानं रगडलं आणि वरून दाण्याचं कूट. पुढचे चार दिवस आमचं जेवण त्या ठेच्यावर उभं होतं. वॉलमार्टची टॉर्टिया गरम करून ठेचा आणि दही, ड्रायव्हिंग करून दमलेल्या माणसाला याच्यापुढे काही नको वाटतं.

रात्रीच्या जेवणासाठी गाडीत काय होतं ते सांगते. तांदूळ, मूगडाळ, मेतकूट, तूप, शेंगदाण्याची चटणी, पातळ पोहे, एका छोट्या घट्ट झाकणाच्या बाटलीत घरूनच करून आणलेली फोडणी (तेल, मोहरी, हिंग, हळद, मिरची), तीन क्वार्टचा इन्स्टंट पॉट (विजेवरचा प्रेशर कुकर), इलेक्ट्रिक केटल, आणि दोन बर्नरची गॅस शेगडी, तिला लागणारा एक पाउंडाचा हिरवा प्रोपेन सिलिंडर कुठल्याही वॉलमार्टमधे मिळतो. विमानानं येणाऱ्यांनी सिलिंडर अर्थातच तिथं जाऊनच घ्यायचा. फोडणी घरूनच का, तर मोटेलच्या रूममधे फोडणी दिली की स्मोक अलार्म वाजतो आणि दंडपण लागू शकतो. तसंही बऱ्याच मोटेलमधे रूममधे शिजवायला परवानगी नसते, बुकिंग करतानाच विचारा. आम्ही फ्लॅगस्टाफला जास्त दिवस राहणार होतो म्हणून किचनेटवाली रूम घेतली, शेगडी, मोठा फ्रिज, भांडी सगळं असतं, भाडं थोडं जास्त पण चौघांच्या जेवणात कधीच वसूल. बाकी ठिकाणी फक्त फ्रिज-मायक्रोवेव्ह. तिथं उपमा: रवा घरी तेलावर फोडणीसकट खमंग भाजून, मीठ घालून झिपलॉकमधे भरून न्यायचा, एक वाटी मिश्रणाला दोन वाट्या केटलमधलं उकळतं पाणी आणि दहा मिनिटं घट्ट झाकण. आणि दडपे पोहे, त्याला तर आचच लागत नाही, पातळ पोहे, कांदा, काकडी, टोमॅटो, लिंबू, वरून बाटलीतली फोडणी. खोबरं गोड नसलेलं बघून घ्या, साध्या दुकानात बरेचदा साखर घातलेलंच असतं.

उंचीची गोष्ट कोणी सांगत नाही. फ्लॅगस्टाफ आणि ग्रँड कॅन्यनचा साउथ रिम (दक्षिणेकडचा कडा) दोन्ही साधारण 7000 फुटांवर आहेत, म्हणजे महाबळेश्वरच्याही बरंच वर, आणि तिथं पाणी 100 ऐवजी 93 डिग्रीच्या आसपासच उकळतं. उघड्या भांड्यात डाळ शिजायला खूप वेळ लागतो, गॅस जातो ते वेगळंच. तूरडाळ, छोले, राजमा नेऊच नका, मूग आणि मसूर न्या, आणि उसळीसाठी डब्यातले शिजवलेले छोले किंवा पिंटो बीन्स धुऊन घ्या. प्रेशरमधे शिजवत असाल तरी वेळ वाढवायचा, 2000 फुटांच्या वर दर हजार फुटांना पाच टक्के असा हिशोब आहे, म्हणजे इथं घरी आठ मिनिटं लागणाऱ्या खिचडीला तिथं दहा. पाणीही अर्धी वाटी जास्त. एवढं केलं की साउथ रिमहून थंडीत कुडकुडत परत आल्यावर मऊ खिचडी, मेतकूट, तूप, आणि ठेचा.

कॅन्यनच्या आत दुपारचं खाणं घरून, म्हणजे रूमवरून नेलेलंच. डेझर्ट व्ह्यू ड्राइव्हला पिकनिकची टेबलं आहेत, तिथं बसून खा. व्हिलेजमधे मार्केट प्लाझाला किराणा दुकान आहे पण फ्लॅगस्टाफपेक्षा महाग, दही-ब्रेड संपलं तरच. खारी अगदी पायाशी येतात, त्यांना काही घालू नका, चावतात आणि ते बेकायदेशीरही आहे. डबे गाडीत बंद ठेवा, कावळे पिशव्या उघडतात. आणि बजेट करताना एक नवीन गोष्ट धरा, 1 जानेवारी 2026 पासून अमेरिकेचे रहिवासी नसलेल्या 16 वर्षं आणि त्यावरच्या माणसांना ग्रँड कॅन्यनसकट 11 नॅशनल पार्कमधे माणशी 100 डॉलर जादा आहेत, किंवा 250 डॉलरचा वेगळा वार्षिक पास. व्हिजिटर व्हिसावरच्या आई-बाबांना हे लागू होऊ शकतं, पार्कच्या साइटवर वाचून मगच तारखा ठरवा.

परत फिरायच्या आधी विल्यम्स आणि सेलिगमन केलं. रूट 66 वरच्या गावांपैकी आय-40 नं सगळ्यात शेवटी वळसा घातला ते गाव विल्यम्स, 1984 मधे, आणि वर्षभरात रूट 66 चा नंबरच नकाशावरून काढला. सेलिगमनला 1953 चं स्नो कॅप नावाचं खाण्याचं दुकान आहे, मिल्कशेक घ्या, बाहेर बसा.

घड्याळाचं शेवटी सांगते पण महत्त्वाचं आहे. टेक्सासहून न्यू मेक्सिकोत एक तास मागे आणि उन्हाळ्यात ॲरिझोनात अजून एक तास मागे, कारण बाकी राज्यांसारखं ॲरिझोना उन्हाळ्यात घड्याळ पुढे करतच नाही, पण तिथलाच नवाहो नेशनचा (नवाहो लोकांचा स्वतंत्र कारभार असलेला) भाग करतो, मॉन्युमेंट व्हॅलीकडे वळणार असाल तर गोंधळ होईल. बरेच डायनर सकाळी सहाला उघडून दुपारी दोनला बंद होतात. जाताना या फरकाचा फायदा होतो, आई-बाबा तसेही पहाटे उठलेले असतात, साडेसहाला पहिलं टेबल आपलं. परतीला मात्र तेच दोन तास हातातून जातात, तेव्हा ॲरिझोनातून पूर्वेकडे निघताना नाश्ता निघायच्या आधीच त्याच गावात करून घ्या, आणि उरलेली टॉर्टिया-ठेचा कूलरमधे वरच्या बाजूला ठेवा म्हणजे आल्बुकर्की ते अमरिलोच्या मधे रेस्ट एरियात काढायला सोपं जातं.