खाली बसा, अम्मा

2024 चा एप्रिल. लोकसभेच्या मतदानाला पंधरा-वीस दिवस राहिले होते. सोलापुरात पारा बेचाळिशीच्या पुढे, आणि कोर्टाच्या व्हरांड्यात पंख्याखाली उभं राहायला जागा नाही. साडेअकराला माझा एक मनाईचा अर्ज युक्तिवादाला होता. जिना चढत असतानाच वरून आरडाओरडा ऐकू आला. पोहोचले तर तिशीतल्या एका पोरानं आमच्यातल्या एका वकिलाची कॉलर धरलेली. गळ्यातला पांढरा बँड तुटून फरशीवर पडला होता. पोराच्या केसांत, भुवयांत कापसाचे तंतू अडकलेले. यंत्रमागावरची रात्रपाळी संपवून तो तसाच कोर्टात आला होता.

"दोन वरीस तारखेचे पैसे घेतलास की बे! चोर हाईत सगळे वकील!"

बाकावर त्याची आई बसली होती. ती रडत नव्हती, पोराला आवरतही नव्हती. मांडीवर प्लॅस्टिकची पिशवी घट्ट धरून ती सगळ्यांच्या तोंडाकडे पाहत होती.

पाच मिनिटांत वीसेक काळे कोट जमले. पोलिसांना बोलवा, गुन्हा दाखल करा, असा गलका सुरू झाला. कुणीतरी म्हणालं, "याचं वकीलपत्र आता कुणी घ्यायचं नाही." हे वाक्य मला झोंबलं. अमक्याचं वकीलपत्र घ्यायचं नाही असा ठराव वकिलांच्या संघटनेनंसुद्धा करणं बेकायदा आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं 2010 साली मोहम्मद रफी या तामिळनाडूतल्या प्रकरणात सांगून टाकलंय. तिथं जमलेल्या निम्म्या लोकांना तो निकाल माहीत असणार. तरी कुणी बोललं नाही. मीही मोठ्यानं बोलले नाही. ज्युनिअरला माझ्या अर्जात उभं केलं, पोराचा हात सोडवला आणि दोघांना खाली कडुनिंबाच्या झाडाखाली, टायपिस्टच्या टेबलाजवळ घेऊन गेले.

हात उचलणं चूकच होतं, आणि ते मी त्याला आधी सांगितलं. तो म्हणाला, "मॅडम, हात लावला त्याची माफी मागतो. बोललो ते मागं घेणार नाही."

मूळ गोष्ट साधी होती. अम्मा पूर्व भागात राहते, चाळीस वर्षं बिडी वळते. नवरा मागावर काम करायचा, तो गेला. दोघांनी साठवलेले आणि सोनं मोडून आलेले मिळून 3 लाख 20 हजार रुपये तिनं दोन खोल्यांच्या घरासाठी दिले. इसारपावती झाली. मग भाव वाढले, मालकाला जास्त देणारा भेटला आणि तो खरेदीखत करून देईना. 2018 ला दावा दाखल झाला, घर दुसऱ्याला विकू नये म्हणून मनाई हुकूमही मिळाला. तेवढं काम त्या वकिलांनी चांगलं केलं होतं. पुढं मी कागद पाहिले तेव्हा दाव्याचा मजकूरही नेटका वाटला.

आदल्या संध्याकाळी चहाच्या टपरीवर एका एजंटानं पोराला सांगितलं होतं, "तुमचा दावा कधीच निकाली निघालाय. त्या घराला गिऱ्हाईक बघतोय मी." पोराला वाटलं, हा घाबरवतोय. कारण मागच्याच महिन्यात वकिलांना तारखेचे पाचशे पाठवले होते.

मी मोबाइलवर ई-कोर्टचं अ‍ॅप उघडलं. नाव टाकलं, साल टाकलं. दावा निकाली, सप्टेंबर 2022. खाली कारण होतं: 'डिसमिस्ड इन डिफॉल्ट'. वादी गैरहजर म्हणून दावा काढून टाकलेला. त्याबरोबर मनाई हुकूमही गेलेला.

पोरानं त्याच्या मोबाइलवर फोन-पे उघडून माझ्यापुढं धरलं. सप्टेंबर 2022 नंतरच्या नोंदी मी एकेक मोजल्या. पाचशे, पाचशे, पाचशे. चौदा वेळा. दावाच नव्हता आणि त्याच्या तारखा चालू होत्या.

मी 2009 ला मंगळवेढ्याहून सोलापुरात वकिली करायला आले तेव्हा जुळे सोलापुरात खोली शोधत होते. एका घरमालकानं चहा दिला, गावाकडची चौकशी केली आणि काय करता विचारल्यावर कप खाली ठेवला. "पोलीस आणि वकील सोडून कुणालाही देतो." त्या दिवशी मला फार अपमान वाटला होता. पुढं बँकेत कर्ज मागायला गेल्यावर तोच अनुभव आला. कित्येक वर्षं मी म्हणायचे, लोकांना आमचं काम कळत नाही, हरलेला पक्षकार वकिलालाच शिव्या देणार. झाडाखाली त्या चौदा नोंदी मोजताना मला तसं म्हणता येईना. हा पोरगा दावा हरला म्हणून चिडला नव्हता. हरलोय हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

दुपारी मी त्या वकिलांना गाठलं. माझ्यापेक्षा बारा-तेरा वर्षांनी मोठे. बार रूममध्ये कोपऱ्यात बसले होते, डब्याला हात लावला नव्हता. आधी रागानं बोलले, मग आवाज खाली आला. त्या दिवशी ते दुसऱ्या मजल्यावर एका दाव्यात उलटतपासणी घेत होते. ज्युनिअर आला नव्हता. खाली आले तोवर दावा पुकारून काढून टाकलेला. "उद्या अर्ज देऊ म्हटलं. तीस दिवसांची मुदत होती. मग दिवाळी आली. मुदत गेली. मग त्या बाईला सांगायला तोंडच राहिलं नाही. ती आली की मी पुढची तारीख सांगायचो."

ते खोटं बोलत नव्हते असं मला वाटलं. आजही वाटतं. एक दिवस हजर राहता आलं नाही ही चूक कुणाच्याही हातून होते, माझ्याही झाली आहे, आणि कायद्यात तिच्यावर उपाय आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर 9 खाली अर्ज देऊन दावा पुन्हा पटावर आणता येतो. त्याच कारणावर नवा दावा मात्र लावता येत नाही, म्हणून तर तो अर्ज वेळेत देणं महत्त्वाचं. त्या संध्याकाळी अम्माला एवढंच सांगायचं होतं की माझ्याकडून चूक झाली, उद्या सही करायला या. तिनं सही केली असती. चौदा वेळा पाचशे घेण्याची वेळच आली नसती.

मी फाइल आणि वकील बदलायला ना-हरकत मागितली. ते म्हणाले, फी बाकी आहे. मी म्हणाले, "सर, आर. डी. सक्सेना." फी थकली म्हणून वकिलाला पक्षकाराचे कागद अडवून ठेवता येत नाहीत, हा सर्वोच्च न्यायालयाचा 2000 सालचा निकाल. त्यांनी मान खाली घातली. संध्याकाळी फाइल त्यांच्या कारकुनानं आणून दिली. चौदा तारखांचे 7,000 रुपये मी लेखी मागितल्यावर पंधरा दिवसांनी परत आले.

आता विलंब माफीचा अर्ज करायचा होता. एकोणीस महिन्यांचा उशीर आणि त्याला पुरेसं कारण. याच ठिकाणी माझी खरी परीक्षा होती. दोन-तीन सहकारी आपुलकीनं सांगायला आले. "मॅडम, वकिलाविरुद्ध कशाला लिहिताय? आजारपण लिहा. सर्टिफिकेट देणारे डॉक्टर आहेत, कावीळ म्हणा, मणका म्हणा. कोर्टालाही सवय आहे."

सवय आहे, हे खरंच. विलंबाच्या अर्जांत सोलापूरच्या निम्म्या माणसांना कावीळ झालेली असते. मला तो सल्ला एक क्षण सोपा वाटला, हेही इथं लिहिते. रोज ज्यांच्याबरोबर चहा प्यायचा त्यांच्याविरुद्ध शपथपत्र तयार करायला हात जड होतो.

मी अम्माला विचारलं, "त्या काळात आजारी होता का तुम्ही?"

"मला ताप बी नाही आला की ओ. रोज हजार बिडी द्यायची मी." तिनं पिशवीतून बिडी कारखान्याची जुनी कार्डं काढली. रबर लावून वर्षावार बांधलेली. रोज किती पान नेलं, किती तंबाखू, किती बिड्या परत दिल्या, प्रत्येक रकान्यात आकडा. तिला अक्षरं येत नाहीत, आकडे येतात. तिच्या तर्जनीच्या टोकाला दोरा गुंडाळून गुंडाळून आडवी खाच पडली आहे. ते बोट रकान्यांवरून फिरवत ती मला दाखवत होती: हजार, हजार, नऊशे, हजार.

सप्टेंबर 2022 च्या कार्डावर एका दिवसापाशी बोट थांबलं. तिथं रेघ होती. बिडी शून्य.

तारीख मी पुन्हा अ‍ॅपवर पाहिली. दावा काढून टाकला तोच दिवस.

"या दिवशी बिड्या का नाही दिल्या?"

"कोर्टात आल्ते की. वकीलसाहेब म्हणले, तुमचं वर काय काम नाही, खाली बसा अम्मा. मी हितंच बसले," आणि तिनं आम्ही बसलो होतो त्या कडुनिंबाचा पार दाखवला. "पाच वाजेपर्यंत बसले. मग त्यांचा माणूस आला, तारीख पडली म्हणला."

ती हजर होती. दिवसाची मजुरी बुडवून, डबा घेऊन, सकाळपासून. वर पट्टेवाल्यानं तिच्या नावाचा तीनदा पुकारा केला आणि रोजनाम्यावर 'वादी गैरहजर' लिहिलं गेलं, तेव्हा ती वीस पायऱ्या खाली बसलेली होती. वकिलीच्या पंधरा वर्षांत मी कितीजणांना 'खाली बसा' म्हटलं असेल, याचा हिशेब मी त्या रात्री करत बसले. चांगल्या हेतूनं म्हणतो आपण. म्हाताऱ्या माणसाला जिना नको, गर्दी नको. पण पक्षकाराला वर न येऊ देण्यात आपली सोयही असते. तो वर नसला की काय झालं हे आपण सांगू तेच.

अर्जात मी जसं घडलं तसं लिहिलं. कार्डाची प्रत जोडली. वकिलाच्या चुकीची शिक्षा निष्पाप पक्षकाराला देऊ नये, हा 1981 चा रफीक विरुद्ध मुन्शीलाल निकाल लावला. अलीकडचे काही निकाल याच्या उलट्या अंगाचे आहेत, पक्षकारानंही जागरूक राहिलं पाहिजे, सगळं खापर वकिलावर फोडू नये असं सांगणारे. समोरच्या वकिलांनी पुढं तेच वाचून दाखवले, आणि त्यांचं ते कामच होतं. मला भीती त्याचीच होती. म्हणून तर ते कार्ड. एवढी जागरूक बाई मी पाहिली नाही.

बार कौन्सिलकडे तक्रार करता येते, हेही मी तिला सांगितलं. अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्ट 1961 च्या कलम 35 खाली गैरवर्तन सिद्ध झालं तर समज देण्यापासून सनद काढून घेण्यापर्यंत शिक्षा होऊ शकते. पोराचं मन होतं. अम्मा म्हणाली, "घर मिळू दे आधी." मग तिनं मला विचारलं, "कारखान्यात बिडी दिली की मोजून घेतात, वाईट निघाली की तिथंच छाट काढतात, त्याचा पैसा मिळत नाही. तुमच्यात छाट कोण काढतं?"

मी कलम 35 पुन्हा एकदा समजावून सांगितलं. तिचं समाधान झालं नाही, माझंही झालं नाही.

त्यानंतर तीनच आठवड्यांनी, 14 मे 2024 ला, वकिलाची सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली येत नाही असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं दिला. आमच्या ग्रुपवर अभिनंदनाचा पाऊस पडला. कायदा म्हणून मला तो निकाल पटतो. वकील पक्षकाराइतकाच न्यायालयालाही बांधील असतो, तो काही माल विकत नाही. पण मग आमची छाट आम्हीच काढली पाहिजे, आणि ती आम्ही काढत नाही, हे मी ग्रुपवर लिहिलं. तीन जणांनी अंगठा दिला. एका ज्येष्ठांनी फोन करून "घरातलं बाहेर कशाला" म्हणून समजावलं. पुढच्या वर्षी 18 ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाचं कोल्हापूरचं सर्किट बेंच सुरू झालं तेव्हा आम्ही सगळे आनंदानं नाचलो, मीही नाचले. मुंबईच्या फेऱ्या वाचल्या, पक्षकाराच्या दारात न्याय आला म्हणून कित्येक दशकांच्या आंदोलनाचं सार्थक झालं. त्या दिवशी मला अम्माची आठवण येत होती. दारात न्याय आणणाऱ्यांनी तिला दाराबाहेर बसवलं होतं.

अर्ज अकरा महिने चालला. माझ्याशी काहीजण बोलेनासे झाले, त्यातले बहुतेक पुन्हा बोलायला लागले. विलंब माफ झाला, समोरच्याला 3,000 रुपये खर्च द्यायच्या अटीवर. मग दावा पटावर आला. मधल्या काळात घर विकलं गेलं नाही, हे नशीब. मनाई पुन्हा मिळाली. अम्माच्या शेजारणीला कुंभारीच्या रे नगर या कामगार वसाहतीत घर मिळालंय, 2024 च्या जानेवारीत पंधरा हजार घरं वाटली त्यात. अम्मा अजून भाड्याच्या खोलीतच बिड्या वळते.

आता प्रत्येक पक्षकाराच्या मोबाइलवर मी ई-कोर्टचं अ‍ॅप टाकून देते आणि दाव्याचा नंबर लिहून देते. अम्माच्या बिडीच्या कार्डामागं तिनं माझ्याकडून पुढची तारीख लिहून घेतली, आकड्यांत.

साक्षीच्या दिवशी मी वर पोहोचायच्या आत ती कोर्टरूममध्ये मागच्या बाकावर बसली होती. कारकून म्हणाला, अजून वेळ आहे, बाहेर बसा. ती उठली नाही. सव्वाबाराला पट्टेवाल्यानं नाव पुकारलं. मी फाइल घेऊन उभी राहायच्या आत मागून आवाज आला, "हाय, हाय. हितंच हाय मी."

न्यायाधीशांनी वर पाहिलं आणि म्हणाले, "या, पुढं या."