निनावी पत्राचे वजन

एका संस्थेच्या कार्यकारिणीवर असताना आमच्याकडे एकाच आठवड्यात दोन निनावी पत्रे आली होती. पहिले चार पानी होते. सचिव किती लबाड आणि गर्विष्ठ आहेत हे ‘सगळ्यांनाच माहीत आहे’ असे त्यात पुन्हा पुन्हा म्हटले होते, पण घटना एकही दिली नव्हती. दुसरे जेमतेम पाच ओळींचे: दोन पावत्यांवर एकच क्रमांक आहे, काढून पाहा.

ज्याला सही करायची हिंमत नाही त्याचे ऐकायचेच कशाला, असे म्हणत एका ज्येष्ठ सदस्यांनी दोन्ही पत्रे टोपलीत टाकायला सांगितले. ही भूमिका जुनीच आहे. रोमन सम्राट ट्राजनने इ. स. 112च्या सुमारास आपला एक प्रांताधिकारी प्लिनी याला कळवले होते की, निनावी आरोपांना कोणत्याही खटल्यात थारा देऊ नये. शिक्षेपुरते हे मला पूर्ण मान्य आहे, कारण आरोप करणाऱ्याची उलटतपासणीच होऊ शकत नसेल तर आरोपीने बचाव करायचा कोणापुढे? मात्र शिक्षा करणे वेगळे आणि तपासून पाहणे वेगळे. 1605 साली लंडनमध्ये लॉर्ड मॉन्टीगल यांना आलेल्या निनावी पत्रात पार्लमेंटच्या अधिवेशनाला जाऊ नका एवढीच मोघम सूचना होती. तरीही झडती घेतली गेली आणि पार्लमेंटच्या सभागृहाखालच्या तळघरात बंदुकीच्या दारूची 36 पिंपे सापडली.

आम्हीही पावत्या काढल्या. क्रमांक खरोखरच एक होता. चूक छपाईची निघाली, अफरातफर नव्हती. तरी ते पत्र वाचण्याजोगेच होते, असे मी आजही म्हणेन. नाव न लिहिणारा दर वेळी भेकडच असतो असेही नाही. सहीची किंमत निवृत्त माणसाला एक पडते आणि ज्याची नोकरी वरिष्ठांच्या मर्जीवर आहे त्याला दुसरी.

मतांची गोष्ट थोडी निराळी. सरकारी नोकरीत असलेले गोपाळ हरि देशमुख 1848 पासून ‘प्रभाकर’ साप्ताहिकात ‘लोकहितवादी’ या नावाने लिहीत होते, आणि त्यांचा युक्तिवाद पटण्या-न पटण्यासाठी वाचकाला खरे नाव ठाऊक असण्याची गरज नव्हती, कारण कारणे समोर छापलेली होती. (अर्थात, वारंवार वापरलेले टोपणनावही पत राखू लागते, निनावी पत्राला तेवढीही जबाबदारी नसते.) पण ‘हा माणूस वाईट आहे, मी जवळून पाहिले आहे’ असे कोणी लिहिले, की त्या वाक्यातला ‘मी’ हाच एकमेव पुरावा असतो. तोच लपवला तर मागे काय उरते?

म्हणून ते चार पानी पत्र आम्ही फाडून टाकले. तरीही पुढे कित्येक महिने सचिव हिशेब समजावून सांगू लागले की, त्यातले एखादे विशेषण मला आठवत असे आणि मी बेरीज पुन्हा एकदा करून पाहत असे. ती दर वेळी बरोबरच येई.