आमची वाटचाल : कुंद्याच्या गावातला डोनट

डोनट विकायला सुरुवात केली तेव्हा बेळगावात गिऱ्हाईकांचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा : ‘हा गोड मेदूवडा काय?’ प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता. भोकाचं कारण दोन्हीकडे एकच आहे. भोक नसेल तर कड तांबूस होते आणि मध्य कच्चा राहतो. मधलाच भाग काढला की तेल आतूनही लागतं. अमेरिकेत या भोकाचं श्रेय हॅन्सन ग्रेगरी नावाच्या खलाशाला देतात, साल १८४७ सांगतात. त्यातलं खरं-खोटं तिकडचे बघून घेतील. उडपी हॉटेलवाल्याला ते भोक कुणी अमेरिकेतून आणून दिलेलं नाही.

दुसरा प्रश्न बालूशाहीचा. तिथे मात्र फरक आहे. बालूशाहीच्या पिठाला भरपूर मोहन असतं, ती मंद आचेवर हळूहळू तळतात, म्हणून पापुद्रे सुटतात. यीस्टच्या डोनटचं उलट. त्याला पापुद्रे नकोत, जाळी हवी. तो तळणीत दोन-अडीच मिनिटंच असतो. त्याचं बरंवाईट त्याआधीच्या दोन तासांत ठरलेलं असतं. आमची सगळी वाटचाल त्या दोन तासांवर ताबा मिळवण्याची आहे.

सुरुवात यीस्टने नव्हे, बेकिंग पावडरच्या डोनटने केली. मैदा ५०० ग्रॅम, साखर १७० ग्रॅम, घट्ट दही २०० ग्रॅम, दूध साधारण १०० मिली, वितळवलेलं लोणी ५० ग्रॅम, बेकिंग पावडर १५ ग्रॅम, दह्याचा आंबटपणा मारायला चिमूटभर सोडा, मीठ आणि जायफळ. हे पीठ मळायचं नसतं, नुसतं एकत्र करून दहा मिनिटं ठेवायचं. हात चालत राहिला की ते चिवट होतं, आणि डोनट वरून तडकण्याऐवजी रबरासारखा निघतो. तेल १८५ ते १९० अंशांवर. हा डोनट दोन दिवस टिकतो आणि चहाबरोबर छान लागतो. खानापूरच्या चहावाल्यांकडे आजही आमचा हाच जातो.

बाहेरगावचे डोनट चाखताना मात्र आमची चव बदलली. पुणे, मुंबई, बेंगळुरू, जिथे मिळेल तिथला डोनट आणायचा आणि खाण्याआधी तपासायचा, अशी सवय लागली. बोटाने दाबला तर परत वर येतो का? कमरेला पांढरा पट्टा आहे का? कागदावर ठेवून पाच मिनिटांनी तेलाचा डाग किती पसरला? फाडल्यावर जाळी लहान-मोठी आहे की एकसारखी, गच्च? शेवटी अर्धा डोनट सहा तास तसाच ठेवून पुन्हा खायचा. गरम असताना कुठलाही डोनट चांगलाच लागतो. सहा तासांनी त्याचा खरा स्वभाव कळतो. बऱ्याच ठिकाणी वरची सजावट बघण्यासारखी आणि आतला पाव कालचा, असं सापडलं.

यीस्टचा डोनट करायचा ठरला तेव्हा अंडं ठेवायचं की नाही, हा पहिला निर्णय होता. बहुतेक परदेशी कृतींमध्ये ते असतंच. त्याने रंग येतो, पीठ मऊ राहतं. पण अंडं घातलं की पाकिटावर हिरवी खूण लावता येत नाही. आमच्याकडे लिंगायत आणि जैन घरं भरपूर. बाकीच्यांचाही सोमवार, गुरुवार, शनिवार, वर श्रावण. अंड्याचा डोनट आठवड्यातले निम्मे दिवस पडून राहिला असता. तेव्हा अंडं काढलं आणि त्याची कामं दुसऱ्यांना वाटून दिली. मऊपणासाठी सोया लेसिथिन (सोयाबीनमधला स्निग्ध पदार्थ), ताकदीसाठी गव्हाचं ग्लुटेन (गव्हातलं चिवट प्रथिन), रंगासाठी दूध पावडर. दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, बेकरीच्या यीस्टला खाता येत नाही. ती पिठात तशीच उरते आणि तळताना तांबूस रंग देते. किलोभर मैद्याला ५० ग्रॅमच्या वर दूध पावडर घातली मात्र रंग आधी येतो आणि आतून डोनट ओलसर राहतो.

सध्याचं प्रमाण असं : मैदा १ किलो, ग्लुटेन १५ ग्रॅम, दूध पावडर ५० ग्रॅम, साखर ११० ग्रॅम, मीठ १५ ग्रॅम, इन्स्टंट यीस्ट १२ ग्रॅम, लेसिथिन ५ ग्रॅम, बिनमिठाचं लोणी १०० ग्रॅम, पाणी ५२० ते ५४० ग्रॅम. यात कातरण धरून ४८ ग्रॅमचे साधारण ३५-३६ डोनट निघतात. यीस्ट जास्त साखरेच्या पिठासाठीचं घ्यायचं. साध्या पावाचं यीस्ट एवढ्या साखरेत मंद पडतं, मग कारागीर यीस्ट वाढवतो आणि डोनटला आंबूस वास येतो. लोणी शेवटी घालायचं, पीठ निम्मं मळून झाल्यावर. आधी घातलं तर पिठाला तार धरायला वेळ लागतो. मळणं पुरं झालं की छोटा तुकडा बोटांवर ताणून बघायचा : न फाटता पातळ पडदा होऊन पलीकडचा उजेड दिसला पाहिजे. हातावर मांडे ताणणाऱ्यांच्या गावात हे फोड करून सांगायला नको.

मग आली हवा. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण अडीच हजार फुटांवर. एप्रिलच्या दुपारी भट्टी, जानेवारीच्या पहाटे हात गोठतात, आणि जुलै-ऑगस्टमध्ये चोर्ला घाटाकडून येणारा पाऊस थांबायचं नाव घेत नाही. तीच कृती, तेच हात, आणि तीन ऋतूंत तीन वेगळे डोनट. यावर उपाय पाण्याच्या तापमानाचा. मळून झाल्यावर पीठ २६ अंशांवर हवं असेल तर २६ ची तिप्पट, म्हणजे ७८, घ्यायची. त्यातून खोलीचं तापमान, मैद्याचं तापमान आणि मिक्सरच्या घर्षणाने वाढणारी उष्णता वजा करायची. आमच्या मिक्सरची वाढ ८ अंश आहे. ती प्रत्येक यंत्राची वेगळी, एकदा मोजून भिंतीवर लिहून ठेवावी. एप्रिलमध्ये खोली ३४, मैदा ३२ : ७८ वजा ७४, म्हणजे पाणी ४ अंशांचं, बर्फाचं. जानेवारीत दोन्ही १८ : पाणी ३४, कोमट. पावसाळ्यात खोली २३, मैदा २४ : पाणी २३, नळाचंच चालतं. हा हिशेब सुरू झाल्यावर ‘आज पीठ बिघडलं’ हे वाक्य कारखान्यात जवळजवळ ऐकू येईनासं झालं. पावसात मैदाही दमट असतो, तेव्हा पाणी १०-१५ ग्रॅमनी कमी.

मळलेलं पीठ पाऊण तास झाकून ठेवायचं, मग १२ मिलिमीटर जाडीचं लाटायचं. लाटल्यावर लगेच कापायचं नाही. पाच मिनिटं तसंच पडू द्यावं, नाहीतर ताणलेलं पीठ आखडतं आणि गोल कापलेला डोनट लंबगोल होतो. साच्यासाठी आम्हाला लांब जावं लागलं नाही. उद्यमबागेत, म्हणजे गावच्या औद्योगिक वसाहतीत, लेथ आणि पत्र्याचं काम करणाऱ्यांना तोटा नाही. बाहेरचा व्यास ८० मिलिमीटर, आतला २८. आतला २० ठेवून पाहिला होता. फुगताना भोक बुजलं आणि डोनटची बेंबी झाली. साच्याची कड धारदार हवी. बोथट कड पीठ कापण्याऐवजी चिमटते, बाजू बंद होते आणि तिथून डोनट वर येत नाही, हे कळायला आम्हाला बरेच दिवस लागले. भरणाच्या, बिनभोकाच्या डोनटसाठी षटकोनी साचा वापरतो. मधमाशीच्या पोळ्यासारखे कोपरे जुळतात, त्यामुळे कातरण जवळपास शून्य, आणि फुगल्यावर षटकोन आपोआप गोल होतो. कातरण दुसऱ्यांदा लाटता येतं. तिसऱ्यांदा लाटलं तर डोनट चिवट.

कापलेले डोनट उबेच्या कपाटात जातात : ३५-३६ अंश, ओलावा ७५ टक्क्यांच्या आसपास, ३५ ते ४० मिनिटं. पहिलं कपाट म्हणजे जुन्या फ्रिजचा सांगाडा आणि तळाशी गरम पाण्याचा ट्रे. थोड्या मालाला तेही पुरतं. ओल जास्त झाली की तळताना वर फोड येतात. कमी झाली की, विशेषतः फेब्रुवारी-मार्चच्या कोरड्या वाऱ्यात, पिठावर कातडी धरते आणि डोनट तडकतो. पारख बोटाची : ओल्या बोटाने हलकं दाबल्यावर खळगा हळूहळू निम्मा भरला तर तळायला तयार. लगेच भरला तर अजून दहा मिनिटं. तसाच राहिला तर उशीर झाला. असा डोनट तेलात मोठा दिसतो आणि बाहेर काढताच सुरकुततो.

तळण १८० अंशांवर, तेलाची खोली निदान ८ सेंटिमीटर, एका बाजूला ६० ते ७० सेकंद, उलटायचा एकदाच. नीट फुगलेला डोनट तेलावर अर्धा वर तरंगतो, म्हणून कमरेला तेल न लागलेला पांढरा पट्टा उरतो. पट्टा नसेल तर तो कमी फुगलेला, जड, तेलात बुडालेला. तेल १७० च्या खाली गेलं तर डोनट तेल पितो. १९५ च्या वर गेलं तर बाहेरून काळसर आणि आत कच्चा. आमच्या १२ लिटरच्या तळणीत एका वेळी दहाच सोडतो. गर्दीच्या वेळी पंधरा सोडण्याचा मोह होतो, तेल झपकन उतरतं आणि पुढच्या तीन घाण्या तेलकट निघतात.

तेलाबद्दल जरा सविस्तर, कारण नफा-तोटा तिथेच आहे. सूर्यफुलाच्या तेलात तळलेल्या डोनटची पाठ ओली राहते, ग्लेझ, म्हणजे वरचा साखरेचा थर, घसरतं. थंड झाल्यावर घट्ट होणारी चरबी लागते, म्हणून सगळे वनस्पती तूप वापरत. पण त्यात शरीराला घातक ट्रान्स फॅट असतं, आणि आता त्याची मर्यादा २ टक्के आहे, जानेवारी २०२२ पासून. म्हणून आम्ही ते तयार करणारी हायड्रोजनेशनची प्रक्रिया न केलेली पामची तळणचरबी घेतो. ४८ ग्रॅमचा डोनट साधारण ५ ग्रॅम चरबी पितो. दिवसाला ५०० डोनट म्हणजे अडीच किलो, तळणीतला जवळजवळ पाव हिस्सा. तेवढी ताजी रोज भरली जाते आणि तेल तरुण राहतं. धंदा मंद असलेल्या आठवड्यातच तेल खराब होतं, हे नवख्याला उलटं वाटतं. शंभर डोनटसाठी १२ लिटर तापवत ठेवण्यापेक्षा तेव्हा लहान कढई बरी. रोज रात्री गाळायचं, कारण तळाशी गेलेला कोरडा मैदा जळून तेल कडवट करतो. म्हणूनच सोडण्याआधी डोनटवरची भुकटी ब्रशने झाडतो. एफएसएसएआयच्या, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या, नियमाप्रमाणे तेलातले पोलर घटक (तापून तापून बिघडलेला भाग) २५ टक्क्यांवर गेले की ते तेल अन्नाला वापरता येत नाही. आम्ही मीटरने मोजून २० लाच बदलतो. उरलेलं तेल बायोडिझेलसाठी गोळा करणाऱ्यांना द्यायचं. भज्याच्या गाडीवाल्याला स्वस्तात द्यायचं नाही, त्याने कितीही गळ घातली तरी.

ग्लेझ : मक्याचा स्टार्च असलेली आयसिंग शुगर १ किलो, पाणी २०० मिली, त्यात उकळून विरघळवलेलं २ ग्रॅम अगर (समुद्री शेवाळापासूनची घट्ट करणारी पूड). ४५ अंशांवर, डोनट गरम असतानाच बुडवायचा; काचेसारखा पातळ थर बसतो. घरी दळलेली पिठीसाखर पावसाळ्यात चिकट राहते. अगर घालूनही जुलैत ग्लेझला घाम फुटतोच, तेव्हा त्या दोन महिन्यांत आम्ही दालचिनी-साखरेत घोळवलेले डोनट जास्त काढतो. गुळाचं ग्लेझ फक्त गुऱ्हाळं सुरू असतात त्या थंडीच्या दिवसांत. गूळ हवेतलं पाणी ओढतो, पावसात तो कधी सुकतच नाही. चॉकलेटसाठी कंपाउंड, म्हणजे कोको बटरऐवजी दुसरी वनस्पती चरबी असलेलं चॉकलेट, वापरतो, आणि ते डोनट पूर्ण थंड झाल्यावर. अस्सल कोको बटरचं चॉकलेट आमच्या एप्रिलमध्ये बोटांना लागतं.

कुंदा, म्हणजे इथली प्रसिद्ध दुधाची मिठाई, डोनटमध्ये भरायचा हे बेळगावात कुणालाही सुचेल; जमायला वेळ लागला. कुंदा रवाळ आणि कोरडा, नळीत अडकतो. आता ५०० ग्रॅम कुंद्यात १२० ग्रॅम साय घोटून चाळणीतून काढतो, १० मिलिमीटरच्या नळीने २० ग्रॅम भरतो. डोनट पूर्ण गार हवा, नाहीतर आत वाफ धरून कुंदा आंबतो. यावर ग्लेझ नाही, साखर नाही, किंचित मीठ. दुधाचं भरण असल्याने तो फ्रिजमध्येच ठेवतो आणि त्याच दिवशी संपवतो. उरलेला दुसऱ्या दिवशी विकत नाही. गोकाकच्या करदंटाचे (डिंक आणि सुक्या मेव्याच्या मिठाईचे) बारीक तुकडे मात्र वरून लावायचे. आत घातले तर डिंक दातांना चिकटतो.

दुकानाची पाटी कर्नाटकच्या नियमाप्रमाणे ६० टक्के कन्नडमध्ये आहे, खाली मराठी. ‘डोनट’ दोन्हीकडे डोनटच.

निपाणी इथून ७५ किलोमीटरच्या आसपास. सुरुवातीला ग्लेझ केलेले डोनट गरम असतानाच खोक्यात भरले आणि तिथे पोचले ते पाकातल्या बालूशाहीसारखे. आता पहाटे चारला तळलेला माल जाळीवर पाऊण तास गार होतो, खोक्याच्या बाजूला दोन भोकं ठेवतो आणि डोनट कोरेच पाठवतो. ग्लेझचा डबा वेगळा जातो. निपाणीचा दुकानदार तो गरम पाण्यात ठेवून पातळ करतो आणि लागतील तसे बुडवून विकतो. गार डोनटवर थर जरा जाड बसतो, म्हणून त्याच्या डब्यात किलोमागे २० मिली पाणी जास्त घालतो.