शमीखालचं पाडस

मे महिना होता, सकाळचे साडेनऊ वाजले असतील. पहाटेची ड्राइव्ह संपवून गेस्टना नाश्त्याला सोडलं आणि जीप पार्किंगला लावत होतो तेवढ्यात वॉकीटॉकीवर रिसेप्शनचा आवाज आला, एका व्हिलाच्या मागे ओरिक्सचं (लांब शिंगांच्या वाळवंटी हरणाचं) पिल्लू मरून पडलंय, गेस्ट रडतायत, लगेच या.

मी दुबईच्या वाळवंटातल्या एका लॉजवर फील्ड गाइड आहे, सहा वर्षं झाली. गाव माण तालुक्यातलं, त्यामुळे कोरडी जमीन आणि ऊन मला नवीन नाही. लॉज आहे ते दुबई डेझर्ट कॉन्झर्वेशन रिझर्व्हमध्ये, 2003 पासूनचं 225 चौरस किलोमीटरचं कुंपण घातलेलं रान, शहरापासून गाडीने पाऊण-एक तास. प्रत्येक व्हिलाला स्वतःचा छोटा पूल, लाकडी डेक आणि डेकच्या पुढे थेट वाळूच्या टेकड्या. हरणं, ओरिक्स अगदी डेकजवळ येतात, लोक त्यासाठीच एवढे पैसे मोजून राहायला येतात.

धावत गेलो. डेकपासून चाळीसेक पावलांवर घाफचं झाड आहे, त्याच्या सावलीत पाडस. मान वाळूवर लांब टाकलेली, कान पाठीला चिकटलेले, अंग फिकट तपकिरी, वाळूत मिसळून गेलेलं. मोठ्या ओरिक्सचं पांढरंशुभ्र अंग आणि तोंडावरचे, पायांवरचे काळे पट्टे ह्याला अजून आलेच नव्हते. दुर्बीण लावली आणि बरगडीकडे बघत राहिलो. हलत होती. हळू, पण नीट हलत होती. तेवढ्यात कानावर माशी बसली आणि कान एकदाच झटकला. जिवंत होतं, आणि सांगितलेलं ऐकणाऱ्या पोरासारखं गप्प पडून होतं.

ओरिक्सची मादी असंच करते. व्याल्यावर पहिले काही आठवडे पाडसाला लपवून ठेवते, स्वतः लांब जाते, फक्त पाजायला येते. पाडस हलत नाही म्हणून कोल्ह्याच्या नजरेला पडत नाही. आई शेजारी उभी राहिली तर तिचं पांढरं अंग लांबूनच दिसणार, म्हणजे तिचं लांब राहणं हीच राखण.

पण हे त्या गेस्टबाईंना कसं समजावणार, त्या चहाच्या ट्रेमधलं दुधाचं छोटं भांडं बशीत ओतून पायऱ्या उतरल्या होत्या, अनवाणी, आणि वाळू तापलेली. मी हात आडवा केला. म्हटलं, मॅडम, ते दूध त्याच्या पोटाला चालणार नाही आणि माणसं आसपास घुटमळली तर आई जवळ यायची नाही, आली तर शिंगं घेऊन येईल, दोन फुटांची शिंगं असतात मादीलाही. त्या म्हणाल्या, ते मेलं तर? मी म्हटलं, मी इथेच बसतो. रिझर्व्हच्या वाइल्डलाइफ टीमला कळवलं, त्यांनीही तेच सांगितलं, हात लावू नका, अंधार पडेपर्यंत आई आली नाही तर आम्ही येतो.

मग पलीकडे लांब उभ्या असलेल्या एका बगी-गाडीच्या सावलीत बसलो. पारा 43 वर. सावली सरकत होती आणि माझं सगळं लक्ष तिच्याकडे. बारा-सव्वाबाराला पाडसाच्या पाठीवर ऊन आलं आणि माझ्या पोटात खड्डा पडला. ते उठलं, पाय फाकलेले, लटपटत चार पावलं बुंध्याकडे गेलं आणि परत तसंच मान टाकून पडलं. ते चार पावलं चाललेलं बघून मला जो धीर आला तो सांगता येणार नाही.

शेजारच्या व्हिलात एक मराठी कुटुंब होतं. मुलगा दुबईत नोकरीला, आईची पंचाहत्तरी म्हणून दोन दिवस घेऊन आलेला. दुपारी आजी पाण्याची बाटली घेऊन माझ्याकडेच आल्या. मूळच्या सांगोल्याच्या, म्हणजे आमच्या शेजारच्याच. झाडाकडे बघून म्हणाल्या, "ही शमी रं बाळा." खरंच आहे, घाफ म्हणजे आपली शमीच, राजस्थानात खेजडी म्हणतात, इथे तर राष्ट्रीय वृक्ष आहे. आजी म्हणाल्या, "पांडवांनी शस्त्रं ठेवली ती हिच्यातच. लपवायला झाड चांगलं निवडलंय हिनं."

मी म्हटलं, आजी, सकाळपासून आई दिसली नाही, आता मलाच भीती वाटायला लागलीय.

"टाकून नाही गेली. आम्ही भांगलायला जायचो तवा बांधावरच्या बाभळीला झोळी बांधून पोर निजवायचो आणि लांब सरीत काम करायचो. पर कान झोळीकडंच. जिथनं झोळी दिसती तिथंच कुठंतरी असंल बघ ती."

मी सकाळपासून कळपाच्या मागावर होतो, पाणवठ्याच्या बाजूला बघत होतो. आता उलट केलं, पाडसाच्या जागेवरून कुठली उंच जागा दिसते ते बघितलं आणि त्या टेकडीवर दुर्बीण फिरवली. माथ्याजवळच्या एका झुडपाआड पांढरं काहीतरी, आणि वर दोन सरळ काळ्या रेघा. ती होती. तोंड आमच्याकडे. आजींच्या हातात दुर्बीण दिली, त्यांनी बघितलं आणि नुसती मान हलवली.

1972 मध्ये ओमानात शेवटचा रानटी अरबी ओरिक्स मारला गेला. त्यानंतर जंगलात एकही नव्हता, जगात उरले होते ते प्राणिसंग्रहालयांत आणि खासगी कळपांत. 1963 पासून अमेरिकेत फिनिक्सच्या प्राणिसंग्रहालयात मोजकेच ओरिक्स जमवून पैदास सुरू केली होती, त्या वंशातले 1982 मध्ये ओमानच्या वाळवंटात सोडले. 2011 मध्ये दुर्मिळ प्राण्यांची जागतिक यादी ठेवणाऱ्या आययूसीएन या संस्थेने त्यांची धोक्याची श्रेणी कमी केली. माणसांनी इतकं हाताळून, जपून परत आणलेलं जनावर, आणि आता त्याच्यासाठी सगळ्यात मोठं काम म्हणजे हात न लावणं. हे मी संध्याकाळी त्या दूधवाल्या बाईंना सांगितलं. त्या ऐकत राहिल्या. बशी अजून डेकच्या कठड्यावरच होती.

साडेसहाला सगळ्या व्हिलांना विनंती केली, आत जा, डेकचे दिवे बंद ठेवा. सगळ्यांनी ऐकलं, एकही दिवा लागला नाही. सातच्या सुमाराला ती उतरली, थांबत थांबत, वारा हुंगत. झाडापासून वीसेक पावलांवर उभी राहिली आणि दिवसभर मेल्यासारखं पडलेलं ते पाडस उडीच मारून उठलं आणि पळत जाऊन कासेला ढुसण्या द्यायला लागलं. ती त्याची पाठ चाटत होती. अंधुक उजेडात शेपटी तेवढी दिसत होती त्याची, सारखी हलत. वॉकीटॉकीवर "आई आली" एवढं बोललो आणि माझा आवाज फुटला.

दुसऱ्या दिवशी पहाटे ड्राइव्हच्या आधी झाडाखाली गेलो. वाळूत पाडसाच्या अंगाएवढा खळगा, आणि तिथून टेकडीकडे गेलेले खूर, आईचे रुंद, आणि त्यांच्या बाजूने माझ्या दोन बोटांएवढे छोटे. वारा सुटायच्या आत जाऊन आजींचं दार वाजवलं.