वरळी कोळीवाड्यातला फळा

वरळीचा किल्ला पाहायला जाणाऱ्या बहुतेकांचा बेत ठरलेला असतो. प्रभादेवी स्थानकावरून बस किंवा टॅक्सी पकडायची, कोळीवाड्याच्या अरुंद गल्ल्यांतून भराभर चालत टोक गाठायचे, सागरी सेतू मागे येईल अशी छायाचित्रे काढायची आणि आल्या वाटेने परतायचे. आषाढातल्या एका रविवारी मीही त्याच बेताने निघाले होते. किल्ल्याविषयी सांगण्यासारखे माझ्याकडे फार नाही. माहीमच्या उपसागरावर नजर ठेवण्यासाठी इंग्रजांनी सुमारे 1675 मध्ये बांधलेल्या या छोट्याशा किल्ल्यात आज मंदिर आहे, गावातल्या मुलांची व्यायामशाळा आहे, आणि 2009 साली खुला झालेला सेतू तिथून अगदी हाकेच्या अंतरावर दिसतो. माझी दुपार आणि संध्याकाळ गेली ती मात्र परतीच्या वाटेवरच्या एका तिठ्यावर, पत्र्याच्या छपराखाली भिंतीला ठोकलेल्या एका काळ्या फळ्यासमोर.

वाट अडली म्हणून मी थांबले होते. फळ्यासमोर दहा-बारा माणसे उभी होती आणि सदऱ्याच्या बाह्या दुमडलेले एक वयस्कर गृहस्थ ओल्या फडक्याने फळ्याचा वरचा अर्धा भाग पुसत होते. ओल्या फळ्यावर खडू उमटत नाही, त्यामुळे पुसून झाल्यावर ते स्वस्थ उभे राहिले आणि त्यांच्याबरोबर सगळेच थांबले. फळा वाळल्यावर दोन मुलांनी खडूची पूड लावलेली सुतळी दोन्ही टोकांना ताणून धरली, काकांनी ती मधोमध चिमटीत उचलून सोडली आणि काळ्या पृष्ठभागावर एक सरळ पांढरी रेघ उमटली. अशा चार रेघा झाल्यावर त्यांनी सावकाश, वळणदार अक्षरात लिहायला घेतले : ‘कळविण्यास अत्यंत दुःख होते की...’ नाव त्यांनी दुप्पट मोठ्या अक्षरांत काढले, त्याखाली गल्ली लिहिली, आणि शेवटी अंत्ययात्रा संध्याकाळी किती वाजता राहत्या घरातून निघणार ते लिहून वेळेखाली दोनदा रेघ ओढली.

डोक्यावर सुक्या मासळीची पाटी घेतलेल्या एका मावशींनी शेजारच्या मुलाला विचारले, ‘वाच रं, कोन गेला?’ मुलाने शाळेत धडा वाचावा तसे मोठ्याने वाचून दाखवले. मावशींनी पाटी खाली ठेवली. ‘सकाली तर बंदरावर भेटला होता,’ एवढेच त्या म्हणाल्या. समोरच्या ओट्यावर कॅरम खेळणाऱ्या मुलांनी सोंगट्या गोळा करून डब्यात भरल्या आणि कुठल्याशा घरातून ऐकू येणारे गाणे बंद झाले. कुणी कुणाला काही सांगितले नव्हते. जो तो वाचत होता, क्षणभर थांबत होता आणि घरी काही तरी सांगायला निघून जात होता.

मी ज्या इमारतीत राहते तिथे चार उद्वाहने आहेत, प्रवेशद्वारावर कॅमेरे आहेत आणि रहिवाशांचा व्हॉट्सअ‍ॅप गटही आहे. तिथे एखाद्या घरात मृत्यू झाला, तर गटावर हात जोडलेल्या चित्रांची रांग लागते आणि तिच्याखालीच वाहनतळाची तक्रार येते. या फळ्यासमोर उभी असताना मला त्या रांगेची मनापासून खंत वाटली. मी काकांना विचारले, की आता सगळ्यांकडे फोन असताना फळा कशासाठी? ‘फोनवर पन टाकतात पोरं, आधी टाकतात,’ ते म्हणाले. ‘पन बाय, फोनवर वाचनारा एकटा असतो. हितं बाजूला कोन तरी उभा राहतो. त्याला इचारता येतं, कधी निघायचं, काय लागंल.’ आपल्या वडिलांचे अक्षर याहून सुबक होते, हे त्यांनी मला आवर्जून सांगितले.

फळ्याचा खालचा अर्धा भाग रंगीत खडूंनी भरलेला होता, आणि एखाद्या गावाची ओळख करून घ्यायची असेल तर त्याहून चांगला मजकूर मला सुचत नाही. दहावी-बारावीच्या गुणवंत विद्यार्थ्यांच्या सत्काराची तारीख होती. डिझेल परताव्याचे कागद मच्छीमार सोसायटीच्या कार्यालयात जमा करण्याची मुदत होती. नारळी पौर्णिमेच्या मिरवणुकीसाठी वर्गणी कुणाकडे द्यायची ते होते. पाण्याची बदललेली वेळ होती, आणि ‘चाव्यांचा जुडगा सापडला आहे’ अशी एक ओळही होती. 1 जून ते 31 जुलै या काळात यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी असते. होड्या किनाऱ्यावर ओढून ताडपत्र्यांनी शाकारलेल्या होत्या, पुरुष घरांच्या पडव्यांत जाळ्यांची भोके बुजवत बसले होते आणि घराचा खर्च सुकट, बोंबील, वाकट्या विकणाऱ्या बायकांच्या पाट्यांवर चालला होता. या दोन महिन्यांत मासेमारी थांबते, गावाचे काम थांबत नाही, हे त्या फळ्यावरून स्पष्ट कळत होते.

वर्तमानपत्रांत हा कोळीवाडा सहसा येतो तो एखाद्या प्रकल्पाच्या वा संकटाच्या निमित्ताने. सागरी किनारा मार्गाचेच पाहा. कोळीवाड्याच्या क्लीव्हलँड बंदरातून होड्या समुद्रात जातात त्या वाटेवर पूल आला आणि त्याच्या दोन खांबांमध्ये 60 मीटर अंतर ठेवण्याचे ठरले. वारा आणि प्रवाह आडवा असला की एवढ्या फटीतून होडी सुखरूप काढता येत नाही, ती खांबावर आदळते, असे इथले मच्छीमार सांगत राहिले. शेवटी त्यांनी होड्या आडव्या घालून समुद्रातले काम रोखले. 2022 च्या अखेरीस सरकारने एक खांब वगळून हे अंतर 120 मीटर करण्याचे मान्य केले. आज त्या मार्गाला सेतूशी जोडणाऱ्या पुलावर ज्या भव्य कमानी दिसतात, त्यांतली पहिली, 136 मीटर लांबीची कमानदार तुळई एप्रिल 2024 मध्ये बसवली गेली. त्या कमानींची छायाचित्रे काढणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल की मधला खांब होड्यांसाठी काढला गेला? त्या आंदोलनाच्या काळात हा फळा दिवसातून अनेकदा पुसावा लागे, असे काका म्हणाले. कुणाची होडी कधी जाणार, कुणाच्या घरून जेवण येणार, सारे त्यावरच लिहिले जाई.

पाऊस वाढला तेव्हा त्या पाटीवाल्या मावशींनी मला आपल्या पडवीत बोलावले. ओळखपाळख नसताना त्यांनी आधी चहा दिला आणि मग मी कोण, कुठली, ते विचारले. हा क्रम मला मुंबईत फार कमी ठिकाणी भेटला आहे. त्यांच्याकडून मी सोडे घेतले. भाव ऐकून कुणी कुरकुरेल, पण करंदी सोलून, वाळवून त्यातून मूठभर सोडे कसे निघतात ते त्यांच्या बोटांकडे पाहिल्यावर घासाघीस करण्याची इच्छाच उरत नाही.

मार्च 2020 च्या अखेरीस हा कोळीवाडा टाळेबंद झाला होता. मुंबईत अगदी सुरुवातीला ज्या वस्त्या बंद केल्या गेल्या त्यांतला हा एक. मावशी त्या दिवसांविषयी फार बोलल्या नाहीत. फळ्यावर नाव लिहिले जायचे, पण समोर उभे राहायला कुणी नसायचे, खिडकीतून कुणीतरी ओरडून वाचायचे, असे त्यांनी सांगितले. त्यांच्या थोरल्या जावेचे नाव त्याच काळात तिथे लागले. अंत्ययात्रेची वेळ लिहायची ओळ तेवढी कोरी होती.

आम्ही बोलत असताना पडवीसमोरून माणसांचे दोन-तीन घोळके किल्ल्याकडे गेले. एकाने चालता चालता मावशींच्या टोपलीचे छायाचित्र घेतले आणि तो मान वर न करता पुढे गेला. दुसऱ्यांनी फळ्यासमोरच्या माणसांना ‘जरा बाजूला व्हा’ म्हणून वाट मागितली. मला त्याचा खरोखर राग आला. लोकांच्या दारातून जाणारी ही वाट आहे. दारात दुःख असेल तर पाहुण्याने थांबले पाहिजे, आणि छायाचित्र हवे असेल तर विचारले पाहिजे.

निघण्यापूर्वी मी फळा पुन्हा वाचला. अगदी तळाशी, हिरव्या खडूने, कोळीवाड्याच्या सीमांकनाविषयी मंगळवारी रात्री होणाऱ्या सभेची सूचना होती आणि ‘महिलांनी मोठ्या संख्येने उपस्थित राहावे’ असे शेवटी लिहिले होते. गावाचा काही भाग सरकारी कागदांवर झोपडपट्टी म्हणून दाखवला गेला तेव्हा वरळीकरांनी त्याला कडाडून विरोध केला होता. घरांइतकाच त्यांचा आग्रह मासळी वाळवण्याच्या आणि जाळी पसरण्याच्या मोकळ्या जागांसाठी आहे, कारण नकाशावर अशी जागा रिकामी दिसते. मावशी सोबत सोडायला आल्या होत्या. सभेला जाणार का, असे मी त्यांना विचारले.

‘जानार तर,’ त्या म्हणाल्या. ‘वालवनाची जागा आमी बायका वापरतो. किती हात जागा लागते, कोनाची कुठवर, ते बाप्यांना काय ठावं? ते आमालाच सांगाया लागंल.’