पाय थबकतात तेव्हा

पार्किन्सन्स या मेंदूच्या आजारात दारात किंवा वळताना पाय अचानक जमिनीला खिळतात. अशा वेळी आजारी जोडीदाराचा हात धरून ओढू नका. शरीर पुढे जातं, पाय मागेच राहतात आणि तोल जातो. बाजूला उभं राहून आधी थांबू द्या. वजन एका पायावरून दुसऱ्यावर हलवायला सांगा, मग 'एक, दोन' मोजत मोठं पाऊल. नेहमीच्या अडखळण्याच्या जागी जमिनीवर गडद आडव्या पट्ट्या चिकटवल्या, तर त्या ओलांडताना अनेकांचा पाय सहज उचलला जातो. 'चल ना लवकर' हे वाक्य मात्र हमखास काम बिघडवतं.

लेव्होडोपा, म्हणजे या आजारावरचं मुख्य औषध, ठरल्या वेळीच द्या, शक्यतो जेवणाआधी अर्धा तास; प्रथिनं त्याच्या शोषणात आडवी येतात. गोळी परस्पर बंद करणं धोक्याचं.