बर्फाबद्दल तुमचं मत काय?

ध्रुवावरचा बर्फ आपल्यापैकी जवळजवळ कोणीच बघितलेला नाही आणि मत मात्र झाडून सगळ्यांना आहे. ऐन हिवाळ्यात अख्ख्या अंटार्क्टिका खंडावर मिळून हजारभर माणसं असतात, बाकीचे आपण सगळे घरी बसून सांगतो की वितळतोय, नाही वितळत, वितळतोय पण तो नेहमीच वितळतो, आणि वितळला तर तुमच्या का पोटात दुखतंय. बरं हे सांगताना आवाजात जो कॉन्फिडन्स असतो ना, तो आयुष्यभर तिकडे तंबू ठोकून बसलेल्या शास्त्रज्ञांच्या बोलण्यात कधी ऐकू येत नाही. ते बिचारे "बहुधा", "मध्यम खात्रीने" असं अडखळत बोलतात, आणि मग आपण म्हणतो, बघा, यांनाच नक्की माहीत नाही.

मला तर कधीकधी बर्फापेक्षा ही मतांची भानगडच जास्त इंटरेस्टिंग वाटते.

सगळ्यात लाडका मुद्दा ग्लासवाला. कुठल्याही ग्रुपवर विषय निघाला की एक काका येतातच, "ग्लासात बर्फ टाका, काठोकाठ पाणी भरा, बर्फ वितळू द्या, एक थेंब जरी सांडला तर नाव बदलेन." आणि गंमत म्हणजे काका बरोबर आहेत! आर्किमिडीजच्या हिशोबाने तरंगणारा बर्फ जेवढं पाणी बाजूला सारतो तेवढंच त्याचं वितळून होतं. उत्तर ध्रुवाखाली तर जमीनच नाही, समुद्रावर तरंगणारा काही मीटर जाडीचा थर आहे, तो सगळा गेला तरी समुद्राची पातळी त्याने जेमतेम हलेल. (पांढरा बर्फ जाऊन काळं पाणी उघडं पडलं की ते ऊन परत पाठवायच्या ऐवजी पिऊन टाकतं आणि आणखी तापतं, हा वेगळा ताप.) फक्त काका ग्लासाबाहेरचा बर्फ धरतच नाहीत. ग्रीनलंड आणि अंटार्क्टिकाचा बर्फ जमिनीवर बसलाय, ग्रीनलंडचा सगळा समुद्रात उतरला तर पातळी ७ मीटरच्या वर चढेल आणि अंटार्क्टिकाचा उतरला तर आणखी ५८ मीटरच्या आसपास. आता हे आकडे वाचून लगेच पुतळ्यांच्या गळ्यापर्यंत पाणी आल्याचे फोटो बनवणारेही आहेत, त्यांनी कृपया लक्षात घ्यावं की सगळा बर्फ उतरायला शेकडो नाही तर हजारो वर्षं लागतात. घाबरवायला एवढी घाई कशाला, एक मीटर वाढली तरी किनाऱ्यावरच्या लोकांची पुरेशी वाट लागणार आहे.

हा जमिनीवरचा बर्फ कमी होतोय हे कळतं कसं, तर चक्क वजन करून. २००२ साली ग्रेस नावाचे दोन जुळे उपग्रह सोडले, एकामागे एक, मध्ये साधारण २२० किलोमीटर अंतर. पुढचा ग्रीनलंडच्या जवळ आला की खालच्या बर्फाच्या ओढीने तो किंचित पुढे खेचला जातो आणि दोघांमधलं अंतर वाढतं, मग मागचा तिथे पोचतो, तोही खेचला जातो आणि अंतर परत कमी होतं, आणि हा जो फरक आहे तो केसाच्या जाडीहूनही बारीक मोजता येतो. बर्फ घटला की ओढ घटली, सरळ हिशोब. त्यातून निघालेला आकडा असा की ग्रीनलंड दर वर्षी सरासरी अडीचशे अब्ज टनांहून जास्त बर्फ गमावतोय, अंटार्क्टिका शंभर अब्ज टनांहून जास्त. वजनकाट्याला कोणी मत विचारलेलं नाही.

पण खरा कहर पुढेच आहे. एवढा प्रचंड बर्फ आजूबाजूच्या समुद्राचं पाणीसुद्धा स्वतःकडे ओढून धरतो, बर्फ कमी झाला की ती पकड सैल होते, त्यामुळे ग्रीनलंड वितळला तर ग्रीनलंडच्याच किनाऱ्यावर समुद्र खाली जातो आणि लांब कुठेतरी, ज्यांनी आयुष्यात हिमनदी बघितली नाही त्यांच्या दारात, सरासरीपेक्षा जास्त चढतो. म्हणजे समजा कोणी त्या वितळणाऱ्या बर्फाच्या शेजारी उभं राहून प्रामाणिकपणे म्हणालं, "अहो मी इथेच राहतो, पाणी वाढलं म्हणता, इकडे तर उतरलंय", तर त्याचं बघितलेलं शंभर टक्के खरं असेल. डोळ्यांनी बघितलं म्हणून विषय संपला असं इथे होत नाही.

आणि आपण सगळे डोळ्यांवरच चालतो. २६ फेब्रुवारी २०१५ ला तापमानवाढ न मानणारे जेम्स इनहॉफ नावाचे सिनेटर अमेरिकेच्या सिनेटमध्ये प्लॅस्टिकच्या पिशवीतून बर्फाचा गोळा घेऊन आले, बाहेर किती थंडी आहे बघा म्हणाले आणि गोळा भर सभागृहात फेकला. जगभर हसले लोक, मीही हसलो. पण २०११ साली एक अभ्यास आला होता, अमेरिका आणि ऑस्ट्रेलियातल्या लोकांना विचारलेलं, त्यात ज्यांना आजचा दिवस नेहमीपेक्षा गरम वाटत होता ते तापमानवाढीवर जास्त विश्वास ठेवत होते आणि त्यासाठी देणगीही जास्त देत होते. म्हणजे इनहॉफनी थंडीत गोळा फेकला आणि आपण उकाड्यात "बघा, मी म्हणत नव्हतो!" म्हणतो, फरक फक्त निष्कर्षाचा, पद्धत सेम. आपला निष्कर्ष बरोबर निघतो, तेवढंच काय ते नशीब.

अंटार्क्टिकाच्या समुद्री बर्फाने (जमिनीवरचा नव्हे, खंडाभोवतीच्या समुद्रावर तरंगणारा) तर दोन्ही पार्ट्यांना झुलवलं. २०१४ मध्ये तो वाढून २ कोटी चौरस किलोमीटरच्या वर गेला, उपग्रहाने मोजायला लागल्यापासूनचा रेकॉर्ड, शंका घेणाऱ्यांची दिवाळी, आणि आपल्या बाजूचे तेव्हा गप्प होते किंवा घाईघाईने विषय बदलत होते. २०१६ पासून तो घसरला आणि २०२३ मध्ये नीचांकाचा रेकॉर्ड झाला, मग दिवाळीवाले गप्प आणि आपल्याला कंठ फुटला. असं का झालं यावर तिकडे अजून चर्चा चालूच आहे, वारे, समुद्राच्या खालच्या थरातलं गरम पाणी वगैरे, पण या चर्चेत कोणाला रस नसतो कारण त्यात कोणी जिंकत नाही.

आता जे मला खरंच सांगायचंय ते. २०२४ मध्ये एका मोठ्या सर्व्हेचे निकाल आले, १२५ देश, १ लाख ३० हजारांच्या आसपास माणसं. विचारलं की हवामानासाठी दर महिन्याच्या कमाईतला १ टक्का द्याल का, ६९ टक्के हो म्हणाले. मग विचारलं की तुमच्या देशातले इतर किती लोक हो म्हणतील असं वाटतं, तर सरासरी अंदाज आला ४३ टक्के. प्रत्येकाला वाटतंय मला काळजी आहे, बाजूच्याला नाही! तोंडाने हो म्हणणं आणि खिशात हात घालणं यात अंतर असतं हे मान्य, ६९ मधले किती जण पैसे काढतील देव जाणे, पण दुसऱ्याला आपण एवढं स्वस्तात का काढतो? मला वाटतं कारण ते ग्लासवाले काका. ग्रुपवर दोनशे माणसं, काका एक, पण मेसेज टाकतात दिवसाला पाच, बाकीचे एकशे नव्व्याण्णव "कशाला वाद" म्हणून स्क्रोल करतात, आणि त्यातल्या प्रत्येकाला वाटतं की सगळा ग्रुप काकांच्या बाजूने आहे. काका वाईट नाहीत हो, निदान बोलतात तरी.

आणि काकांना पुढचा मुद्दा आपणच तयार करून देतोय. मधे काही जणांनी उत्साहात सांगून टाकलं होतं की आर्क्टिकचा उन्हाळी बर्फ २०१३ ला संपणार, कोणी म्हणालं २०१६ ला, तो काही संपला नाही आणि ते फॉरवर्ड अजून फिरताहेत. खरी परिस्थिती अशी की सप्टेंबरमध्ये, म्हणजे तिकडचा उन्हाळा संपताना, १९८० च्या दशकात ७० लाख चौरस किलोमीटरच्या आसपास असणारा बर्फ २०१२ मध्ये ३४ लाखांवर आला, आणि आयपीसीसीच्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदलावरच्या समितीच्या, २०२१ च्या अहवालानुसार २०५० च्या आधी निदान एका सप्टेंबरमध्ये तरी आर्क्टिक जवळपास बर्फमुक्त होण्याची शक्यता मोठी आहे. पण शास्त्रज्ञांच्या भाषेत बर्फमुक्त म्हणजे १० लाख चौरस किलोमीटरपेक्षा कमी, शून्य नव्हे. त्यामुळे ज्या दिवशी "आर्क्टिकचा बर्फ संपला" अशी हेडलाइन येईल त्या दिवशी किनाऱ्याकिनाऱ्याने जवळपास इजिप्तएवढा बर्फ शिल्लक असू शकतो, आणि काका उपग्रहाचा ताजा फोटो टाकून त्यावर लाल गोल काढून विचारणार, "मग हे काय आहे?"